वहिनींची पट्टी, काळी चार

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. टाळायला माझ्याकडे नेहमी कारण असायचं. आधी वाटायचं, प्रसंग ताजा आहे, उगाच कशाला उकरायचा. मग वाटायला लागलं, आता इतके दिवस झाले, कोणाला काय फरक पडतो. आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी आमच्या गाण्याच्या दौऱ्यांवर लिहा म्हणून संपादिकाबाईंनी गळ घातली, तेव्हा मी लिहिलंही. पण नेमकी ही गोष्ट गाळली, आणि तिच्या जागी एक खोटं वाक्य घातलं. ते वाक्य लोकांना फार आवडलं. एकीनं तर मला फोन करून ते वाचून दाखवलं आणि वाचता वाचता रडली. आता माझी ऐंशी जवळ आली आहे. बोटं पेटीवर थरथरतात. ज्यांच्याबद्दल ते वाक्य होतं त्या वहिनीही राहिल्या नाहीत. म्हणून जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

आम्ही चौघं होतो. मी पेटीवर. तबल्यावर माझा पुण्यापासूनचा मित्र. आम्ही एकाच सुमारास टेक्सासमधल्या प्लेनोला आलो आणि पुढे वीस वर्षं दोन गल्ल्या सोडून राहिलो. गायला त्याची बायको, म्हणजे वहिनी. आणि नागपूरचा एक तरुण इंजिनियर, जो गझल गायचा आणि भीमगीतं गायचा. आम्हाला तो काका-काकू म्हणायचा आणि आम्ही सगळ्यांनी त्याला घरातला धाकटा करून टाकला होता. व्हॅनही त्याचीच. मागच्या सीट काढून तिथे पेटी, तबले, दोन स्पीकर, एक इस्त्री आणि वहिनींचा डबा. डब्यात कायम दशम्या आणि लसणाची चटणी.

मोठ्या शहरांत गाण्याला तोटा नव्हता. तिथे भारतातून नावाजलेले गायक यायचे, हॉल भरायचे. आम्ही जायचो ते जिथे कोणी जात नाही तिथे. पश्चिम टेक्सास, ओक्लाहोमाची ती लांबट पट्टी, कॅन्सस, पूर्वेकडचं न्यू मेक्सिको. एखाद्या गावात लहानसं हॉस्पिटल असतं आणि त्यात व्हिसाच्या अटीमुळे आलेली एक मराठी डॉक्टर असते. पवनचक्क्यांच्या कंपनीत कोल्हापूरचा कोणी असतो. शंभर मैलांवर कॉलेज असतं, तिथे औरंगाबादचे दोन विद्यार्थी असतात. असे दहाबारा लोक जमायचे. कोणी तीन तास गाडी चालवून यायचं आणि गाणं संपल्यावर तीन तास चालवून परत जायचं. एकदा एका मुलानं भीमगीत संपल्यावर उठून नुसते हात जोडले आणि उभाच राहिला. आमचा नागपूरकर पुढचं गाणं सुरूच करेना. नंतर व्हॅनमध्ये म्हणाला, "काका, ह्या एका पोरासाठी मी परत येतो बघा. पेट्रोलचं काय घेऊन बसलाय." प्लेनोतल्या हॉलमध्ये मला असं कधी दिसलं नाही.

कार्यक्रम बहुधा रविवारी दुपारी असायचा, पॉटलक म्हणजे प्रत्येकानं घरून आणलेल्या जेवणानंतर. जागा म्हणजे चर्चचा हॉल, फायर स्टेशनची मागची खोली, एकदा तर गुरांच्या लिलावाच्या कचेरीशेजारची शेड. श्रोत्यांमध्ये शेजारपाजारचे अमेरिकन म्हातारेही असायचे. यजमानीणबाईंनी बोलावलं म्हणून आलेले, टोपी मांडीवर ठेवून ताठ बसलेले. त्यांना एक शब्द कळायचा नाही, पण वहिनी गायला लागल्या की ते पाय हलवायचे थांबायचे.

आता पट्टीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच अडलेलं आहे.

गाणाऱ्याचा सा पेटीच्या ज्या स्वरावर धरायचा ती त्याची पट्टी. प्रत्येकाच्या गळ्याची ती ठरलेली असते, पायातल्या चपलेसारखी. दुसऱ्याची घालून चालता येतं, पण चावते. वहिनींची पट्टी काळी चार, म्हणजे चौथी काळी. आमच्या नागपूरकराची काळी दोन. वाजवणाऱ्याला सगळ्या पट्ट्या यायला हव्यात. मला येतात असं सगळे समजायचे. "काका कुठल्याही पट्टीत वाजवतात," असं तो नागपूरकर मुलगा प्रत्येक गावात माईकवरून सांगायचा, आणि मी मान खाली घालून हसायचो.

खरं म्हणजे मला दोनच पट्ट्या बऱ्या यायच्या, काळी एक आणि काळी चार. बाकीचं काम पेटी करायची. माझी पेटी स्केल चेंजर होती. दोन्ही बाजूंच्या खुंट्या धरून स्वरांची सबंध फळी उचलायची, डावीउजवीकडे सरकवायची आणि पुन्हा बसवायची. बोटं त्याच जागी फिरतात, सूर मात्र वर किंवा खाली जातो. त्या मुलाचं गाणं आलं की मी फळी दोन घरं वर सरकवायचो आणि काळी एक वाजवायचो, बाहेर काळी दोन ऐकू यायची. वहिनींच्या गाण्याआधी ती पुन्हा जागेवर आणायची. गाणं संपलं की पेटीवर शाल ओढून तिच्याआड मी हे करायचो, आणि लोक टाळ्या वाजवत असायचे. कोणाच्या लक्षात यायचं नाही. ह्यात काही पाप नाही, अनेक जण करतात. मी ते लपवत होतो, एवढंच.

ज्या दौऱ्याबद्दल मी लिहितो आहे त्याच्या आदल्या वर्षी वहिनींच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. थायरॉइडची गाठ होती. गाठ साधी निघाली, पण सर्जननं आधीच सांगून ठेवलं होतं की आवाजाच्या नसेला थोडा जरी धक्का लागला तरी वरचे सूर परत येतीलच असं नाही. ऑपरेशननंतर दोन महिने त्या कुजबुजत बोलायच्या. मित्र म्हणायचा, "संसारात पहिल्यांदाच माझा आवाज मोठा आहे, यार, एन्जॉय करू द्या मला." त्या हसायच्या आणि हसताना हात गळ्यावर न्यायच्या.

मग त्यांनी सकाळी गॅरेजमध्ये बसून सा लावायला सुरुवात केली. गॅरेजमध्ये, कारण घरात कोणी ऐकलेलं त्यांना नको होतं. मी पेटी घेऊन जायचो. गवत कापायच्या यंत्राशेजारी घडीच्या खुर्च्या टाकून आम्ही बसायचो. आधी नुसता सा. मग पंचमापर्यंत. महिनोन् महिने तेवढंच. वरचा सा पहिल्यांदा लागला तेव्हा त्यांनी गाणं थांबवलं आणि उठून गॅरेजचं दार उघडलं, जणू आत हवा कमी पडत होती.

दौऱ्यासाठी त्यांनी एक गाणं निवडलं. शब्द त्यांच्या आईचे, विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या मुलीवरचे, आणि चाल मी लावलेली. तिसऱ्या अंतऱ्यात चाल वर चढून तारसप्तकाच्या मध्यमावर थांबते. चाल लावताना तरुणपणीच्या मस्तीत मी तो सूर तिथे ठेवला होता. मी त्यांना म्हटलं, "वहिनी, आपण पट्टी एक-दोन सूर उतरवू. कोणाला कळणार नाही."

त्या म्हणाल्या, "भावजी, मला कळेल ना. उतरवून गायले तर आवाज परत आलाय की नाही हे मला कधीच समजणार नाही. काळी चारलाच गाणार. लोकांसमोर मध्यम लागला तर मी गाते आहे. नाही लागला तर हात जोडून थांबेन. अर्धवट गात राहायचं नाही मला."

"इतकं टोकाचं कशाला?" मित्र म्हणाला.

"टोकाचं नाही. एकदा काय ते ठरू दे. रोज रोज भ्यायचा कंटाळा आला."

निघायच्या आदल्या दिवशी गॅरेजमध्ये त्या ते गाणं पूर्ण गायल्या. मध्यम लागला, स्वच्छ लागला, आणि त्यांनी तो धरूनही ठेवला. मी तो माझ्या कानांनी ऐकला आहे. हे मला आवर्जून लिहायचं आहे, कारण तो ऐकलेले आम्ही दोघंच होतो. मित्र तेव्हा ऑफिसात होता.

कॅन्ससच्या पश्चिम टोकाचं गाव होतं. धान्याच्या उंच पांढऱ्या कोठारांशिवाय नजरेला अडवणारं काही नाही. गावात शिरताना गुरांच्या गोठ्यांचा वास गाडीत भरला, तेव्हा नागपूरकर म्हणाला, "काकू, चटणीचं झाकण उघडा जरा, वास तरी मराठी येऊ द्या." यजमानीण सांगलीची डॉक्टर होती. तिनं चर्चच्या तळघरातला हॉल घेतला होता. शेजारीच स्वयंपाकघर, तिथे पुलाव आणि रस्सा गरम होत होता, आणि सगळ्या हॉलमध्ये वाफ कोंडली होती. चाळीसेक खुर्च्या भरल्या. आमच्या मानानं ती गर्दीच.

आधी मुलाची दोन गाणी झाली. मी फळी दोन घरं वर सरकवली होती. त्याचं दुसरं गाणं फार रंगलं. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला, त्याने मला मध्ये वाजवायला जागा दिली, मी वाजवलं, आणि पुढच्या रांगेतून कोणीतरी "वा काका" म्हणालं. मला आठवतं, मी फार खुशीत होतो. त्याने माईकवर त्याचं ते नेहमीचं वाक्य म्हटलं. मग वहिनी पुढे येऊन बसल्या. मी त्यांच्यासाठी माईक खाली केला. पाण्याचा पेला सरकवला. आणि फळी तशीच राहिली.

मी सा दिला. मित्राने तबल्यावर थाप मारली. त्या मुलाच्या गाण्याला तो तबला त्याच्या पंचमात, म्हणजे काळी पाचला, लावायचा; वहिनींसाठी मग तो नेहमी हातोडीनं दोन घरं उतरवून काळी चारला आणावा लागायचा. आज थाप मारताच तबला बरोबर सुरात बोलला. तो माईकजवळ वाकून म्हणाला, "रश्श्याच्या वाफेनं तबला आपोआप उतरला. डॉक्टर, दर वेळी जेवण इथेच ठेवा!" लोक हसले.

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी सा धरला, सोडला, आणि माझ्याकडे वळून हळू विचारलं, "भावजी, पट्टी?"

मी खाली न बघता म्हटलं, "तीच. काळी चार."

माझं बोट काळी चारवरच होतं. बाहेर सूर मात्र दोन घरं वरचा येत होता. त्यांनी विचारलं होतं, त्यांच्या गळ्यानं त्यांना सांगितलं होतं, आणि मी नजर खाली न वळवता त्यांच्या गळ्याला खोटं पाडलं.

पहिला अंतरा गेला. दुसऱ्यात त्यांच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसली. मी काय विचार केला ते लिहितो: मला वाटलं, घाबरल्या आहेत. मग वाटलं, सर्जन म्हणाला होता तेच खरं. तिसऱ्या अंतऱ्यात त्या वर गेल्या आणि मध्यमाच्या जागी आवाज फाटला. त्यांनी पुन्हा उचललं. पुन्हा फाटला. मग आवाजच आला नाही, नुसता श्वास. मित्राने ठेका धरून ठेवला आणि मुलानं ती ओळ खालून म्हणून गाणं कसंबसं संपवलं. वहिनींनी हात जोडले. टाळ्या पडल्या, मोठ्या पडल्या, कारण डॉक्टरने आधीच सगळ्यांना ऑपरेशनबद्दल सांगितलं होतं. टोपीवाला एक म्हातारा शेतकरी पुढे आला आणि वाकून त्यांना म्हणाला, फार सुंदर होतं. त्यांनी त्याला थँक यू म्हटलं. त्यांचा चेहरा मी पाहिला. म्हातारा मनापासून बोलत होता, पण त्यांना ती दया वाटली.

चहाची सुट्टी झाली. पेटीवर शाल टाकायला वाकलो आणि मला फळी दिसली.

मग इकडेतिकडे पाहिलं, खुंट्या धरल्या, फळी उचलली आणि जागेवर बसवली. खट असा आवाज झाला. मित्र दोन हातांवर होता. तो डॉक्टरच्या नवऱ्याशी क्रिकेटबद्दल बोलत होता. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात कागदी पेल्यातला चहा घेऊन उभ्या होत्या आणि बायका त्यांच्या दंडावरून हात फिरवत होत्या.

मी तिथे जाऊन सांगू शकलो असतो. पाच पावलांचं काम होतं. हे गाणं पुन्हा घेऊ या, माझी चूक झाली, एवढं म्हटलं असतं तर त्या पुन्हा बसल्या असत्या, आणि मध्यम लागला असता. मला तेव्हाही माहीत होतं की लागला असता. पण मग पेटीच्या फळीबद्दल सांगावं लागलं असतं. कुठल्याही पट्टीत वाजवणारे काका फळी सरकवून वाजवतात, हे त्या मुलाला आणि हॉलमधल्या प्रत्येकाला कळलं असतं. मी मनाला म्हटलं, इथे नको, व्हॅनमध्ये सांगू. मी चहा घेतला. त्याबरोबर कोणी दिलेलं बिस्किटही खाल्लं.

उत्तरार्धात वहिनी बसल्या नाहीत. मुलगा एकटाच गायला.

व्हॅन परतीच्या रस्त्याला लागली. ऊन होतं, दोन्ही बाजूंना कापलेलं शेत. मग मित्रच म्हणाला, "एक कळलं नाही मला. तबला आपोआप उतरला, तो नेमका दोनच सूर? असं कधी झालं नाही माझ्या आयुष्यात."

वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी मान वळवली आणि मला विचारलं, "भावजी, खरं सांगा हां. पट्टी तीच होती ना? मला पहिल्या सा पासूनच चढी वाटत होती."

स्टीअरिंगवरून मुलगा म्हणाला, "काकू, काकांची पट्टी चुकेल का कधी?" तो त्यांना बरं वाटावं म्हणून बोलला नव्हता, मला जपत होता.

मी म्हटलं, "तीच होती वहिनी. ऑपरेशननंतर असं होतं. वयही आहे. मनाला लावून घेऊ नका."

हे वाक्य मी म्हटलं. कुणी माझ्याकडून म्हणवून घेतलं नाही. चूक झाली होती ती हॉलमध्ये, पण गुन्हा मी व्हॅनमध्ये केला.

त्यांनी मान हलवली. "ठीक आहे," म्हणाल्या. "कळलं ते बरं झालं." मग डबा उघडून सगळ्यांना दशम्या दिल्या. मलाही दिली.

त्यानंतर त्या गायल्या नाहीत. मित्राने खूप समजावलं. पट्टी उतरवून गा, घरात गा, आपल्यापुरती गा. त्या म्हणायच्या, मी ठरवलं होतं ना? झालं तर मग. त्यांच्या बोलण्यात रडगाणं नव्हतं, त्यामुळे कोणाला फार जोरही करता येईना. आम्ही तिघांनी आणखी दोन दौरे केले. लोक विचारायचे, ताई नाही आल्या? मुलगा सांगायचा, त्यांचा आवाज गेला हो. असं करत करत ते प्लेनोपासून त्या सगळ्या लहान गावांपर्यंत पसरलं आणि खरं होऊन बसलं. नंतर मुलाला पश्चिम किनाऱ्यावर, फ्रीमाँटला, नोकरी लागली आणि आमचं गाणं बंद पडलं.

स्मरणिकेत मी लिहिलं होतं, "आजारपणाने वहिनींचा आवाज हिरावून घेतला, पण त्यांची हिंमत घेऊ शकलं नाही." तेच ते वाक्य. वहिनींनीही ते वाचलं. त्यांनी मला निरोप पाठवला, छान लिहिलंत.

किती वेळा सांगायला गेलो त्याचा हिशेब नको, कारण प्रत्येक वेळी परत आलो. एकदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन, बेल वाजवून, त्यांनी दार उघडल्यावर मी कोथिंबीर मागितली. घरी कोथिंबिरीची जुडी होती. बायकोनं विचारलं, "अहो, ही कशाला आणलीत?" तिलाही मी कधी काही सांगितलं नाही.

मित्र अचानक गेला. वहिनींनी घर विकलं आणि आपल्या मुलीकडे, पूर्वेकडच्या श्रूजबरीला राहायला गेल्या. वर्षभरानं मी विमानानं तिकडे गेलो. सगळ्यांना सांगितलं की भेटायला जातो आहे. मी कशासाठी जातो आहे ते मला माहीत होतं. विमानात मी वाक्यं जुळवत होतो.

घरात मुलगी-जावई कामाला गेलेले. वहिनी आणि त्यांची चार वर्षांची नात. दुपारी नात झोपेला आली तेव्हा वहिनींनी तिला मांडीवर घेतलं आणि फोनवर अंगाई लावली. कुठल्यातरी तरुण मुलीच्या आवाजातली, कीबोर्ड वाजत असलेली. मी विचारलं, "तुम्ही नाही म्हणत?"

नात डोळे न उघडता म्हणाली, "आजी डझंट सिंग."

वहिनी हसल्या. "बघा, हिला पण माहीत आहे."

तिला आत निजवून त्या आल्या आणि चहा ठेवला. बाहेर सगळीकडे बर्फ साचलेलं होतं. मी म्हटलं, "वहिनी, मला तुमच्याशी थोडं बोलायचं होतं."

त्या म्हणाल्या, "आधी मला बोलू द्या. हे गेल्यापासून मनात आहे." गाळणं हातात धरून त्या ओट्याशी उभ्या होत्या. "कॅन्ससच्या त्या कार्यक्रमानंतर मी तुमच्यावर संशय घेतला होता भावजी. मला वाटत राहिलं की त्या मुलाच्या गाण्यानंतर पेटी तशीच राहिली असणार."

त्यांना फळीचं माहीत होतं. इतकी वर्षं शेजारी बसून गाणाऱ्या बाईला ते माहीत नसेल असं मी कसं धरून चाललो होतो!

"ह्यांना पण बोलले मी ते," त्या म्हणाल्या. "हे म्हणाले, असं असतं तर त्याने आपल्याला सांगितलं असतं ना. तो न सांगणारा माणूस नाही. तेव्हा माझी मलाच लाज वाटली. आपला गळा गेला ते मान्य करवत नाही म्हणून दुसऱ्यावर ढकलत होते. तुम्ही तर तेव्हा किती सांभाळून घेतलंत. मला माफ करा हं."

चहा उतू गेला. त्यांनी गॅस बंद केला, फडकं घेतलं आणि ओटा पुसायला लागल्या.

मी म्हटलं, "अहो वहिनी, त्यात काय एवढं."

एवढंच म्हटलं. मित्राने माझ्याबद्दल जे म्हटलं होतं ते त्याच्यामागे खोटं करायचं धैर्य मला झालं नाही, असं मी नंतर मनाशी म्हणायचो. ते कारण ऐकायला चांगलं आहे. मुळात मी घाबरलो होतो, दुसरं काही नाही. चहा घेतला, नातीसाठी आणलेलं खेळणं टेबलावर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी परत आलो.

वहिनी ह्या हिवाळ्यात गेल्या. ऑनलाइन श्रद्धांजली सभा झाली. स्क्रीनवर चौकोनांत ओळखीचे चेहरे होते. सांगलीची डॉक्टरही होती, आता केस पिकलेली. ती म्हणाली, "त्यांचं शेवटचं गाणं आमच्या गावात झालं. आवाज साथ देत नव्हता तरी त्या गायल्या." सगळ्यांनी माना हलवल्या. मला बोलायला सांगितलं, तेव्हा मी म्हटलं की बोलवत नाही. लोकांना ते दुःख वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी फ्रीमाँटला त्या मुलाला फोन केला. आता तोही पन्नाशीला आला आहे. त्याला सगळं सांगितलं, फळीपासून श्रूजबरीपर्यंत.

तो म्हणाला, "काका, मी गावोगाव सांगत फिरलो ना, की काकूंचा आवाज गेला म्हणून."

"हो."

"आणि तुम्ही शेजारी बसून ऐकत होते."

"हो."

"मला कशाला सांगता मग आता? त्यांना सांगायचं होतं यार." त्याने मला यार कधी म्हटलं नव्हतं. त्याने फोन ठेवला. नंतर केला नाही, आणि तो करेल अशी माझी अपेक्षाही नाही.

तेव्हा ज्यांनी ते गाणं ऐकलं, आणि ज्यांनी स्मरणिकेतलं माझं वाक्य वाचलं, त्यांच्यासाठी सांगतो: वहिनींचा आवाज परत आला होता. काळी चारला त्यांचा मध्यम लागत होता. त्या दिवशी त्या काळी पाचला गात होत्या, आणि तरीही तिसऱ्या अंतऱ्यापर्यंत पोचल्या होत्या.

आणि श्रूजबरीच्या त्या स्वयंपाकघरात मला जे म्हणायचं होतं ते असं होतं: वहिनी, माफी तुम्ही नका मागू. तुमचा संशय खरा होता. फळी मीच सरकवलेली ठेवली, सुट्टीत मला ते दिसलं, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. तुमचा गळा गेला नव्हता. माझ्यामुळे तुम्ही गाणं सोडलंत. माझं चुकलं, वहिनी. मला माफ करा.